घरातील बिनतारी ध्वनिक्षेपक आणि त्यांचे जाळे

म्हैसूर शहरातून टी. नरसीपुरकडे जाणाऱ्या रस्त्यावर वरुणा हे गाव लागते. गावाचा तलाव, भोवतालची शेती आणि शहराच्या वाढीबरोबर उभी राहिलेली नवी घरे असे तेथील दृश्य आहे. अशा गावातील एक घर वाचकांनी डोळ्यांपुढे आणावे. घराचा पुढचा भाग जुना, जाड भिंतींचा आहे; मागे नव्याने बांधलेले स्वयंपाकघर आहे; आणि काँक्रीटच्या स्लॅबवर गच्चीलगत एक खोली आहे. घरात चार बिनतारी ध्वनिक्षेपक, म्हणजे रोजच्या बोलण्यातील स्पीकर, बसविलेले आहेत. एक ओसरीवर, एक माजघरात, एक स्वयंपाकघरात आणि चौथा वरच्या खोलीत. वरच्या खोलीत घरातील आजोबा राहतात. त्यांना आता जिना उतरवत नाही. खाली लावलेले भजन आणि सायंकाळच्या बातम्या त्यांनाही इतरांबरोबर ऐकता याव्यात, ह्याच हेतूने हा सारा खटाटोप केलेला आहे.

यंत्रे चांगली आहेत, इंटरनेटचा पुरवठाही पुरेसा आहे. तरीही दोन तक्रारी कायम राहतात. पहिली अशी की, वरच्या खोलीत मोबाइल हाती घेतला असता त्याच्या यादीत केवळ वरचा स्पीकर दिसतो. जिना उतरून खाली आल्यावर खालचे तीन दिसू लागतात आणि वरचा नाहीसा होतो. त्यामुळे चौघांना एकत्र जोडताच येत नाही. दुसरी तक्रार ह्या पहिलीतूनच उद्भवते. वरचा स्पीकर निराळा चालू करून त्यावर तेच रेडिओ केंद्र लावले, तर दोन्हींचा मेळ बसत नाही. वरचा आवाज खालच्याच्या मागे किंवा पुढे राहतो आणि जिन्यात उभ्या असलेल्या मनुष्याला प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. घरमालक ‘सिग्नल कमी पडतो’ असे निदान करतो आणि वायफायची आणखी एक पेटी विकत आणतो. पैसे खर्च होतात. तक्रार मात्र तशीच राहते, क्वचित वाढतेही. कारण दोष लहरींच्या जोरात नसून जाळ्याच्या रचनेत असतो.

ह्या घोटाळ्याचे मूळ समजण्यास जुन्या रेडिओशी तुलना फार उपयोगी पडते, आणि त्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. म्हैसूरच्या महाराजा कॉलेजातील मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी ह्यांनी १९३५ मध्ये आपल्या राहत्या घरी एक लहानसे प्रक्षेपण केंद्र उभारले. ‘आकाशवाणी’ हे नाव त्या केंद्राला दिले गेले. पुढे म्हैसूर संस्थानाने ते केंद्र आपल्याकडे घेतले आणि स्वातंत्र्यानंतर तेच नाव साऱ्या देशातील नभोवाणीला मिळाले. त्या केंद्रातून निघालेली लहर शहरातील प्रत्येक रेडिओ-संचापर्यंत सारखीच पोहोचे. किती संच ऐकत आहेत, हे प्रक्षेपकाला ठाऊक नसे आणि ठाऊक असण्याची गरजही नसे. संच केवळ ऐके. तो उलट काही बोलत नसे. लहर एका सेकंदात सुमारे ३ लाख किलोमीटर जाते. म्हणून दोन शेजाऱ्यांच्या घरांतील गाणे एकाच क्षणी वाजे. रस्त्याने चालणाऱ्याला एका घरापुढून दुसऱ्या घरापुढे जाताना ओळ तुटल्यासारखी वाटत नसे.

आजचा बिनतारी स्पीकर ह्या अर्थाने रेडिओ-संच नव्हेच. तो एक लहानसा संगणक आहे. त्याला स्वतःचा पत्ता असतो. तो विचारतो, उत्तरे देतो, पोच पाठवितो. गाणे त्याच्याकडे अखंड लहरीच्या रूपाने येत नाही, तर लहान लहान तुकड्यांत, म्हणजे पाकिटांत, येते. प्रत्येक पाकिटावर घेणाऱ्याचा पत्ता असतो. चार स्पीकर असतील तर बहुधा तेच पाकीट चार वेळा, चार पत्त्यांवर पाठवावे लागते. ह्यावरून असे दिसेल की, ही व्यवस्था नभोवाणीपेक्षा टपालखात्याला अधिक जवळची आहे. आणि टपालात घोटाळा झाला तर आपण पोस्टमनच्या आवाजाची तपासणी करीत नाही. प्रथम पत्ता पाहतो.

आता लहरी आणि भिंती ह्यांविषयी थोडेसे. वायफायसाठी मुख्यतः २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ ह्या कंप्रतांच्या आसपासच्या लहरी वापरतात. पहिल्यांची तरंगलांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर, तर दुसऱ्यांची सुमारे सहा सेंटिमीटर भरते. जाड भिंत आणि लोखंडी सळ्यांचा स्लॅब ह्या दोहोंना क्षीण करतात; त्यांतही ५ गिगाहर्ट्झच्या लहरी अधिक लवकर थकतात. म्हणूनच मोठ्या किंवा जाड भिंतींच्या घरात एकाच पेटीवर भागत नाही. निरनिराळ्या ठिकाणी दोन-तीन पेट्या ठेवाव्या लागतात. अशा पेटीला अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणतात. तथापि पेट्यांची संख्या वाढविणे हा सरसकट उपाय नव्हे. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ पासून परवान्याशिवाय वापरता येतो. त्यामुळे तेथे गर्दी फार आहे. त्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे मार्ग व्यवहारात तीनच मिळतात; ते म्हणजे १, ६ व ११ क्रमांकांचे. दोन पेट्या एकाच मार्गावर असल्या तर एक बोलत असता दुसरीला गप्प राहावे लागते. पेट्या वाढल्या, पण बोलण्याची वेळ तेवढीच राहिली, असा हा प्रकार होतो.

वायफायच्या लहरी भिंतींवरून परावर्तित होतात आणि एकच संदेश मागेपुढे अनेक वाटांनी ग्राहकापर्यंत येतो. ह्या प्रतिध्वनींवर मात करण्याच्या कामात ऑस्ट्रेलियातील सीएसआयआरओ ह्या संस्थेच्या जॉन ओ’सलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा वाटा मोठा आहे. ओ’सलिव्हन हे मूळचे रेडिओ खगोलशास्त्रज्ञ होत. स्फोट पावणाऱ्या कृष्णविवरांपासून येऊ शकणाऱ्या क्षीण रेडिओ-स्पंदांचा शोध त्यांनी १९७० नंतरच्या दशकात घेतला होता. तो शोध निष्फळ ठरला, परंतु त्या निमित्ताने हाताळलेले गणित बिनतारी जाळ्यांच्या कामी आले. १९९६ मध्ये त्यांच्या पद्धतीला अमेरिकेचे पेटंट मिळाले. संदेश एकाच वेगवान प्रवाहात न पाठविता अनेक संथ प्रवाहांत वाटून पाठवावा, म्हणजे एका चिन्हाचा प्रतिध्वनी पुढच्या चिन्हावर आदळत नाही, हे त्यातील एक मुख्य सूत्र आहे. १९९९ च्या एका वायफाय मानकात असे ५२ उपप्रवाह ठरविलेले आहेत आणि प्रत्येक चिन्हाच्या आधी ०.८ मायक्रोसेकंदाची मोकळी जागा राखलेली आहे. तेवढ्या वेळात लहर २४० मीटर जाते. घरातील कोणताही प्रतिध्वनी तोवर विरून जातो. म्हणजे लहरींचा प्रश्न शास्त्रज्ञांनी बराचसा सोडविलेला आहे. वरुणा येथील घराची अडचण त्यानंतर सुरू होते.

ह्या घरात दोन पेट्या आहेत असे समजू. पहिली माजघरात, तिला बाहेरून इंटरनेटची केबल येते. दुसरी वरच्या खोलीत. तिला पहिलीपासून एक केबल नेलेली आहे. दोन्हींना घरमालकाने एकच नाव आणि एकच परवलीचा शब्द दिला. नाव एक, शब्द एक, तेव्हा जाळेही एकच झाले, अशी त्याची समजूत झाली. ही समजूत फार पसरलेली आहे आणि ती चुकीची आहे. एकाच आडनावाच्या दोन पाट्या लावल्याने दोन बिऱ्हाडांचे एक कुटुंब होत नाही.

बाजारात मिळणारी पेटी बहुधा दोन कामे एकत्र करते. एक काम लहरी पाठविण्याचे व घेण्याचे. हे अ‍ॅक्सेस पॉइंटचे काम होय. दुसरे काम राऊटरचे, म्हणजे घरातील जाळे आणि बाहेरचे जग ह्यांच्या सीमेवर उभे राहून पाकिटांची ने-आण करण्याचे. राऊटर आपल्या आतील प्रत्येक यंत्राला एक पत्ता देतो. माजघरातील राऊटरने दिलेले पत्ते, उदाहरणार्थ, १९२.१६८.१.५, १९२.१६८.१.६ असे असतात. वरच्या पेटीतही राऊटर जागा असेल, तर तो आपल्या खोलीला निराळा वाडा समजतो आणि १९२.१६८.०.५, १९२.१६८.०.६ असे पत्ते वाटू लागतो. एका घरात असे दोन वाडे निर्माण होतात आणि दोहोंच्या मध्ये एक पहारेकरी उभा राहतो.

इंटरनेटवरील बातमी वाचण्यास ह्या पहारेकऱ्याचा काहीच अडथळा होत नाही. म्हणून दोष लवकर ध्यानात येत नाही. वर-खाली सर्वत्र इंटरनेट चालू असते. स्पीकर शोधण्याची रीत मात्र निराळी आहे. मोबाइलला स्पीकरचा पत्ता आधीपासून ठाऊक नसतो. तो जाळ्यात एक हाळी देतो, ‘येथे कोणी स्पीकर आहेत काय?’ ही हाळी कोणा एकाच्या पत्त्यावर न जाता २२४.०.०.२५१ ह्या राखीव सामूहिक पत्त्यावर जाते आणि त्या वाड्यातील सर्व यंत्रांच्या कानी पडते. जे स्पीकर असतील ते आपले नाव आणि पत्ता कळवितात. ह्या पद्धतीचे मानक २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात ही हाळी त्याच जाळ्यापुरती असावी, राऊटरने ती पलीकडे जाऊ देऊ नये, असे मुद्दाम ठरविलेले आहे. ते योग्यच आहे. नाही तर साऱ्या गावाचे स्पीकर एकमेकांच्या मोबाइलवर दिसू लागले असते. परंतु ह्या घरात पहारेकरी चुकीच्या जागी, घराच्या मधोमध, उभा आहे. खालची हाळी वर जात नाही, वरची खाली येत नाही. लहरींचा जोर दसपट वाढविला तरी ती जाणार नाही.

ह्याची परीक्षा कोणालाही करता येते. मोबाइलच्या वायफाय-विषयक माहितीत त्याला मिळालेला पत्ता लिहिलेला असतो. तो एकदा खाली आणि एकदा वर पाहावा. घरगुती जाळ्यांत पहिले तीन अंक सामान्यतः जाळ्याची खूण असतात आणि शेवटचा अंक यंत्राची. पहिले तीन अंक दोन्ही ठिकाणी सारखे नसतील, तर जाळी दोन आहेत हे निश्चित समजावे. उपाय पैशाचा नाही. वरच्या पेटीच्या व्यवस्थेत शिरून तिला केवळ अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून काम करण्यास सांगावे. बहुतेक पेट्यांत तशी सोय असते. नसल्यास तिचे पत्ते वाटण्याचे काम बंद करावे, तिला स्वतःला पहिल्या जाळ्यातील एक रिकामा पत्ता द्यावा आणि खालून आलेली केबल ‘वॅन’ असे लिहिलेल्या भोकातून काढून ‘लॅन’ असे लिहिलेल्या भोकात घालावी. मग पहारेकरी जातो, वाडा एक होतो आणि पत्ते वाटणारा एकच उरतो. अशी केबल एका सलग तुकड्यात १०० मीटरपर्यंत नेता येते. घरात त्याहून अधिक लांबी सहसा लागत नाही.

केबल नेणे शक्य नसेल तेथे पेट्या आपापसांत बिनतारीच बोलतात. त्यांना मेश म्हणतात. सोय मोठी आहे, परंतु तिची किंमत द्यावी लागते. एकच पाकीट प्रथम एका पेटीकडून दुसरीकडे आणि नंतर दुसरीकडून स्पीकरकडे, असे दोनदा हवेतून जाते. सीडीच्या दर्जाच्या ध्वनीत दर सेकंदास ४४,१०० नमुने, प्रत्येक १६ बिटांचा, आणि डावी-उजवी मिळून दोन वाहिन्या असतात; गुणाकार १४ लाखांच्या थोडा पुढे जातो. चार स्पीकरांसाठी तो सुमारे ५६ लाख बिट होतो आणि दोन्ही फेऱ्या एकाच मार्गावर झाल्या तर हवेवरील भार दुप्पट होतो. चांगल्या जाळ्याला हे जड नाही, दुबळ्याला जड जाते. म्हणून जेथे केबल जाते तेथे तिचाच अवलंब करावा.

एवढे करूनही एखादा स्पीकर दिसेनासा झाला तर दोन गोष्टी पाहाव्यात. पाहुण्यांसाठी म्हणून जे निराळे वायफाय असते, त्यात यंत्रांना एकमेकांशी बोलू दिले जात नाही. त्यावर जोडलेला स्पीकर इंटरनेट ऐकेल, पण घरच्या मोबाइलला उत्तर देणार नाही. दुसरी गोष्ट अशी की, सामूहिक हाळीला पोच नसते. एखाद्या पत्त्यावर पाठविलेले पाकीट हरवले तर ते पुन्हा पाठविले जाते; हाळी हरवली तर हरवलीच. क्षीण लहरींच्या टोकाशी बसलेला स्पीकर म्हणून कधी दिसतो, कधी दिसत नाही.

आणि हा क्षीण टोकाचा प्रश्न एका अनपेक्षित मार्गाने घरात शिरतो. कोणत्या पेटीशी जोडून घ्यावे, हे पेटी ठरवीत नाही, तर स्पीकर किंवा मोबाइल ठरवितो. मोबाइल फिरता असल्यामुळे तो वेळोवेळी पेटी बदलतो. स्पीकर बैठा, एकदा जोडला की, काम चालते तोवर तो सहसा दुसरीकडे पाहत नाही. आता वीज गेली असे समजा. माजघरातील पेटी इन्व्हर्टरवर असल्याने चालू राहते. वरची बंद पडते. वीज परत आल्यावर वरचा स्पीकर लवकर जागा होतो, त्याच्या शेजारच्या पेटीला मात्र पुरते जागे होण्यास मिनिट-दोन मिनिटे लागतात. स्पीकरला त्या वेळी स्लॅबखालची, माजघरातील पेटीच काय ती ऐकू येते. तो तिलाच धरतो आणि हाताशी दुसरी पेटी असूनही तसाच बसून राहतो. क्षीण लहरींमुळे त्याला पाकिटे संथ गतीने द्यावी लागतात. तेवढा वेळ हवा अडून राहते आणि त्याच्या पायी इतर तिघांचेही गाणे तुटू लागते. ‘काल ठीक होते, आज बिघडले’ अशा पुष्कळ तक्रारींचे मूळ हे असते. अशा वेळी तो एक स्पीकर बंद करून पुन्हा चालू करावा. कायमचा उपाय हवा असेल तर वरची पेटीही इन्व्हर्टरवर घ्यावी.

जाळे एक झाले की चारही स्पीकर मोबाइलच्या यादीत येतात आणि त्यांचा एक गट करता येतो. गट का करावा लागतो, चौघांना निरनिराळे पण तेच गाणे का लावू नये, हे कळण्यास काळाचा विचार करणे प्राप्त आहे, आणि ह्या विषयातील सर्वांत मनोरम भाग बहुधा हाच आहे.

प्रत्येक स्पीकरमध्ये स्फटिकाच्या कंपनांवर चालणारे घड्याळ असते. ते फार चांगले असते, परंतु निर्दोष नसते. त्यात दहा लाखांत वीस भागांची चूक असू शकते. एक घड्याळ तेवढे पुढे आणि दुसरे तेवढे मागे धावत असले, तर तासाभरात त्यांच्यात सुमारे ०.१४ सेकंदाचे अंतर पडते. मनगटी घड्याळात हे कोणाच्या लक्षातही येणार नाही. कान मात्र फार चोखंदळ आहे. जर्मनीतील गटिंगेन विद्यापीठात हेल्मुट हास ह्यांनी १९४९ मध्ये ह्या विषयावर प्रबंध लिहिला. तोच शब्द दोन ठिकाणांहून सुमारे ३० मिलिसेकंदांच्या आत कानी आला, तर ऐकणाऱ्याला तो एकच शब्द वाटतो, आणि तो आधी पोहोचलेल्या आवाजाच्या दिशेने आला असे वाटते. अंतर ह्याहून बरेच वाढले की शब्द दुहेरी होऊ लागतो. ०.१४ सेकंद म्हणजे १४० मिलिसेकंद. तेथे भाषण नकोसे होते. शिवाय इंटरनेटवरून स्वतंत्रपणे घेतलेल्या दोन प्रवाहांत सुरुवातीसच काही सेकंदांचा फरक असू शकतो.

म्हणून गटातील यंत्रे एकाला प्रमुख मानतात आणि आपली घड्याळे त्याच्याशी सतत पडताळून पाहतात. रीत सोपी आहे. एक स्पीकर विचारतो, ‘तुमच्याकडे किती वाजले?’ आणि प्रश्न निघाल्याची वेळ टिपून ठेवतो. उत्तर आल्यावर जाण्या-येण्यास किती वेळ लागला हे त्याला कळते. त्याचा निम्मा भाग उत्तरातील वेळेत मिळविला की प्रमुखाची आताची वेळ हाती येते. हे पुनःपुन्हा केले आणि ज्या फेऱ्या रेंगाळल्या त्या सोडून दिल्या, म्हणजे घड्याळांतील फरक मिलिसेकंदाच्या आतही आणता येतो. संगणकांची घड्याळे मिळविण्याची जी पद्धत डेव्हिड मिल्स ह्यांनी १९८० नंतरच्या दशकात विकसित केली, तिच्या मुळाशी हाच हिशेब आहे. त्यानंतर प्रमुख जी पाकिटे पाठवितो त्यांवर ‘हा तुकडा अमुक क्षणी वाजवावा’ अशी नोंद असते. पाकीट आधी आले तर स्पीकर ते राखून ठेवतो आणि नेमक्या क्षणी वाजवितो. ह्या राखीव साठ्यामुळेच वाटेत झालेला थोडा उशीर झाकला जातो. आणि ह्यामुळेच गटावर बटण दाबल्यावर गाणे लगेच सुरू न होता किंचित थांबून सुरू होते. ती थांबण्याची वेळ म्हणजे बिघाड नव्हे. दूरदर्शनच्या संचाचा आवाज अशा गटाकडे वळविला असता ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात, त्याचेही कारण हेच.

दूरदूर असलेल्या यंत्रांना एका तालावर आणण्याचे ह्याहून भव्य उदाहरण महाराष्ट्रातच आहे. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे, प्राध्यापक गोविंद स्वरूप ह्यांच्या पुढाकाराने उभारलेल्या महाकाय मीटरवेव्ह रेडिओ दुर्बिणीत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या प्रदेशात पसरलेल्या आहेत. एकाच ताऱ्याची लहर त्यांच्यावर निरनिराळ्या क्षणी येते. प्रकाशतंतूंतून आलेले त्यांचे संदेश मध्यवर्ती केंद्रात योग्य तेवढे थांबवून मगच एकत्र केले जातात. नाही तर बेरजेला अर्थ राहणार नाही. तेथे हिशेब सेकंदाच्या अब्जांशांचा, घरात हजारांशांचा. जो आधी आला त्याला थांबविण्याची युक्ती मात्र तीच.

वरुणा येथील घरात मग नवी पेटी घेण्याचे कारण उरत नाही. वरच्या पेटीचा राऊटर निजविला, केबल एका भोकातून काढून दुसऱ्यात घातली, वरचा स्पीकर एकदा बंद करून चालू केला आणि चौघांचा गट केला, म्हणजे खाली लावलेले भजन वरच्या खोलीतही त्याच क्षणी सुरू होते. जिन्यातील दुहेरी शब्द जातो. एक बारीकसा फरक मात्र राहील. ओसरी आणि स्वयंपाकघर ह्यांत १२ मीटरांचे अंतर आहे असे धरले आणि स्वयंपाकघरात उभे राहून ओसरीचा स्पीकर ऐकला, तर तो तेथील स्पीकरच्या सुमारे ३५ मिलिसेकंद मागे वाटेल. घड्याळे अचूक असली तरी हे घडणारच. कारण ओसरीवरून निघालेल्या ध्वनीला तेवढी हवा ओलांडून यावे लागते आणि हवेत तो सेकंदास ३४३ मीटरच चालतो.